साडेचार भुंगे

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी कंसावरून संगणकाशी भांडत होते.

प्रश्न साधा होता. एक अपूर्णांक, त्याच्या छेदात क्ष वजा तीन. क्षला कुठल्या किमती चालतील ते लिहा. छेद शून्य होऊन चालत नाही हे मला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणजे तीन सोडून सगळ्या. तसं लिहिलं. लाल फुली. 'क्ष बरोबर तीन नको' असं लिहून पाहिलं, पुन्हा फुली. त्याला हवं होतं ते असं : वजा अनंतापासून तीनपर्यंत, मध्ये उघड्या पातेल्यासारखं एक चिन्ह, मग तीनपासून अनंतापर्यंत, आणि सगळे कंस गोल. मी एक चौकोनी टाकला होता. चौकोनी कंस म्हणजे टोकाचा आकडा घरात घेतला, गोल म्हणजे उंबऱ्याबाहेरच ठेवला. ज्या तीनला हाकलण्यासाठी एवढा खटाटोप, त्यालाच मी पाट मांडून बसवलं होतं. मथुरेच्या कंसाने निदान आपल्याच भाच्यांना छळलं. माझं आणि याचं काही नातंही नव्हतं.

"आई, झोप आता," लेक म्हणाली. "माझा हा धडा गेल्याच महिन्यात झाला."

ही खरी जखम. लेक अकरावीत, मी चव्वेचाळीस वर्षांची, आणि दोघींचा विषय एकच : प्रीकॅल्क्युलस. मी चाळीसगावची बी.कॉम. नवऱ्याच्या नोकरीमागे न्यू जर्सीला आले त्याला पंधरा वर्षं झाली. लेक मोठी झाली तशी मी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला नाव घातलं. त्याला कॅल्क्युलस लागतं. आणि कॅल्क्युलसला बसण्याआधी प्रीकॅल्क्युलस लागतं. कॅल्क्युलस हे लग्न धरलं, तर प्रीकॅल्क्युलस म्हणजे याद्या. लग्नात नुसत्या अक्षता टाकायच्या असतात, भांडणं सगळी याद्यांच्या वेळी होतात.

सोमवार-बुधवार संध्याकाळी वर्ग. माझ्या एका बाजूला रात्रपाळीला गोदामात जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांची पेन्सिल नेहमी संगिनीसारखी टोकदार. शिकवायला एक उत्साही बाई. त्यांना चूक उत्तर दिलं तरी त्या "इंटरेस्टिंग!" म्हणतात. आमच्या शाळेत यासाठी वेगळा शब्द होता आणि सोबत छडी होती.

माझी अडचण अशी की मला गणित येतं, पण मराठीत येतं. क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा फळ्यावर दिसलं की हात आपोआप चालतो : गुणाकार सहा, बेरीज पाच, दोन आणि तीन, पाडले अवयव. पण बाईंनी "फॅक्टर इट" म्हटलं की मी अर्धा मिनिट कुठल्या कारखान्याचा विषय निघाला याचा विचार करते. सहगुणक, बहुपदी, घातांक, चल ही सगळी माझी माहेरची माणसं इथे सूट घालून आली होती आणि ओळख दाखवत नव्हती. गुणाकार तर मला पाढ्याच्या चालीशिवाय करताच येत नाही. पहिल्या चाचणीत मी "बारा सक बाहत्तर" पुटपुटत होते, तर शेजारच्या मुलाने दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही प्रार्थना करताय का?" मी हो म्हटलं. फारसं खोटं नव्हतं.

मग त्या मावशी. पदावली सोडवताना आधी काय करायचं यासाठी आमच्याकडे एकच मंत्र : कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ऐकायला एखाद्या राक्षसाचं नाव, पण सहा अक्षरांत काम तमाम. अमेरिकेत त्यासाठी एक अख्खं वाक्य पाठ करतात, 'प्लीज एक्सक्यूज माय डिअर आंट सॅली', आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाच्या आद्याक्षरावरून क्रिया ओळखतात. सॅलीमावशींनी असं काय केलं की पिढ्यान् पिढ्या मुलं त्यांच्या वतीने माफी मागताहेत, ते कोणीच सांगत नाही. शिवाय त्यांच्या वाक्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो, आमच्या मंत्रात नंतर. मी हे मोठ्या शोधकपणाने बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, दोघं एकाच पायरीवरचे, डावीकडून जो आधी येईल त्याला आधी घ्यायचं. म्हणजे रेशनच्या रांगेचा नियम. मग इतकी वर्षं त्या राक्षसाला का घाबरलो?

तिसऱ्या आठवड्यात फंक्शन आलं. आमच्या घरी फंक्शन म्हणजे साडी कुठली नेसायची, आहेर किती करायचा आणि जेवण बुफे की पंगत. इथलं फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी निघाली. वरून काहीतरी टाका, खालून काहीतरी निघेल, आणि अट एकच : एक वस्तू टाकली तर खालून एकच उत्तर यायला हवं. ज्वारी टाकल्यावर कधी ज्वारीचं पीठ आणि कधी बेसन निघालं तर ती गिरणी बंद करायची. 'एफ ऑफ एक्स' दिसलं की मी सुरुवातीला एफ आणि एक्सचा गुणाकार करत असे, कारण कंसाला खेटून कोणी उभं असलं की गुणायचं हे माझ्या हाडात भिनलेलं. हे लिहिण्याची पद्धत ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाची. शेवटी शेवटी त्याची दृष्टी गेली तरी तो तोंडी सांगून गणितं करत राहिला, म्हणून त्याच्यावर रागावतही येत नाही.

बाईंनी रोजच्या आयुष्यातलं उदाहरण मागितलं. कोणी शीतपेयाचं यंत्र म्हणालं, कोणी पिनकोड. मी हात वर केला आणि म्हटलं, आमच्या भाषेतली नाती घ्या. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान. प्रत्येकाला इंग्रजीत एकच शब्द, अंकल. म्हणजे हे फंक्शन झालं. पण उलटं जाता येत नाही. 'अंकल' एवढंच सांगितलं तर तो लग्नात मान मागणारा मामा की शेताच्या बांधावरून भांडणारा काका, कसं कळणार? म्हणून याला इन्व्हर्स नाही. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी फळ्यावर चार बाण काढून चारही शब्द माझ्याकडून म्हणवून घेतले. 'आत्याचे यजमान' लिहिताना फळा संपला. मी तासभर तरंगत होते. घरी येऊन लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, पण तुला तर सगळे आंटीच म्हणतात." म्हणजे मीही बाणाच्या टोकालाच होते.

मधल्या एका रविवारी अभ्यास टाळण्यासाठी मी अल्जिब्रा हा शब्द कुठून आला ते वाचत बसले. अरबी 'अल-जब्र', मोडलेलं पुन्हा जोडणं. स्पेनमध्ये एके काळी हाडं बसवणाऱ्यालाही अल्जेब्रिस्ता म्हणत. माझ्या पाठदुखीचा उलगडा झाला. म्हटलं, आपला 'बीजगणित' शब्द किती सोज्वळ. आणि तिथेच पाटण आठवलं.

चाळीसगावच्या शाळेतल्या प्रत्येक पोराची सहल एकदा तरी पाटणादेवीला जातेच. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला, त्याची नोंद. आमचे सर दर सहलीत लेखापुढे उभे राहून म्हणत, "या मातीत बीजगणित पिकलंय, आणि तुम्ही अवयव पाडताना रडता!" आम्ही तेव्हा डब्यातल्या दशम्यांकडे बघत असू.

पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथातलं भुंग्यांचं गणित सरांनी सांगितलं होतं ते लक्षात राहिलं. भुंग्यांचा एक थवा. त्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं तर जेवढे, तेवढे मालतीच्या झाडावर गेले. थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. उरला एक भुंगा, रात्री वासाला भुलून कमळात अडकलेला, आणि बाहेर त्याच्या गुणगुणीला साद घालणारी त्याची भुंगी. तर सांग बाळे, भुंगे किती?

त्या आठवड्यात आमचा धडा हाच होता, वर्गमुळाची समीकरणं. पुस्तकात मात्र सगळीकडे कोणीतरी छतावरून चेंडू फेकत होतं. चौसष्ट फुटांवरून वर फेकला, उंची म्हणजे वजा सोळा टी वर्ग अधिक अठ्ठेचाळीस टी अधिक चौसष्ट, कधी पडेल? मीटरमध्ये शिकलेल्या मला ते सोळा कुठून आले हे कळायलाच दोन दिवस गेले (गुरुत्वाकर्षणाचे बत्तीस फूट, त्याचे निम्मे). उत्तरं दोन : चार सेकंद आणि वजा एक सेकंद. म्हणजे चेंडू फेकायच्या एक सेकंद आधीच पडलेला. ते टाकून द्यायचं.

मी वैतागून पुस्तक मिटलं आणि भुंगे सोडवायला घेतले. निम्म्या थव्याचं वर्गमूळ क्ष धरलं. दोन क्ष वर्ग वजा नऊ क्ष वजा अठरा बरोबर शून्य. क्षची एक किंमत सहा, म्हणजे थव्यात दोन गुणिले छत्तीस, बाहत्तर भुंगे. सहा मालतीवर, चौसष्ट मागोमाग, दोघं कमळापाशी. बारा सक बाहत्तर! दुसरी किंमत वजा दीड. तिने हिशेब केला तर थव्यात साडेचार भुंगे. बाई याला 'एक्स्ट्रेनिअस' म्हणत. मला तो शब्द उच्चारतानाच दात दुखत, पण साडेचार भुंगे दिसल्यावर अर्थ लख्ख कळला : उपरं उत्तर. वर्ग करताना मागच्या दाराने आत शिरलेलं. ताळा घेतला की पकडलं जातं.

मी ते गणित लेकीला दिलं. तिने कॅल्क्युलेटरला हात न लावता सोडवलं आणि मग विचारलं, "पण तो कमळातून सुटला का?" ते सूत्रात नाही म्हटलं.

चक्रवाढ व्याजाचा धडा मला सोपा गेला. बी.कॉम. तिथे उपयोगी पडलं. तिथे एकच गोष्ट शिकले : शंभर टक्के दराने एक रुपया वर्षभर ठेवला आणि व्याज दर महिन्याला, दर दिवसाला, दर क्षणाला चढवत नेलं, तरी वर्षाखेरीस दोन रुपये बहात्तर पैशांच्या पुढे जात नाही. २.७१८ पाशी अडतं. सावकाराच्या हावेलाही वरून झाकण आहे, हे मला आवडलं.

खरं अडलं ते सरकवण्यापाशी. आलेख वर न्यायचा तर तीन मिळवा, वर जातो. खाली न्यायचा तर तीन वजा करा, खाली येतो. इथवर जगात न्याय आहे. पण कंसाच्या आत, टीमधून तीन वजा केले की आलेख उजवीकडे जातो. वजा केल्यावर डावीकडे जायला हवा ना? लेकीने समजावलं, बाईंनी समजावलं, सैन्यातल्या गृहस्थांनी जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या सरकवून समजावलं. मान डोलावली आणि परीक्षेत तीनही गणितं डावीकडे सरकवून आले.

त्याच आठवड्यात आई मुंबईहून चाळीसगावला निघाली होती. भावाचा मेसेज आला, गाडी तीन तास लेट. मी इडलीचं पीठ ढवळत होते. डाव तसाच हातात राहिला. एरवी गाडी जिथे दोन वाजता असते, तिथे ती आज पाच वाजता असणार. म्हणजे आज पाच वाजता गाडी कुठे आहे हे हवं असेल, तर वेळापत्रकात पाच वजा तीन, दोनच्या रकान्यात बघायचं. वजा केले ते घड्याळातले तास, आणि गाडीचा अख्खा आलेख सरकला तीन तास पुढे. उजवीकडे! चाळीसगाव जंक्शनवर बाकावर बसून, भज्यांच्या वासात, फलाटावरच्या बाईचं तेच ते ऐकत मी निम्मं बालपण घालवलं आणि हे कधी सुचलं नाही.

पीठ तसंच ठेवून मी भावाला फोन लावला.

"अरे, कळलं! गाडी उजवीकडे सरकली!"

"कुठे सरकली, ताई?" तो म्हणाला. "नांदगावलाच उभी आहे."