दाजी, हे तुम्ही वाचलं तरी चालेल

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी एक व्हिडिओ टाकला. झेप्टोवाली (ते किराणा घरपोच देणारं ॲप) ती दोन पोरं, आदित पालिचा आणि कैवल्य वोहरा, स्टॅनफर्ड सोडून आली आणि 2021 ला मुंबईत कंपनी काढली वगैरे वगैरे, मागं ढॅणढॅण म्युझिक, आणि खाली दाजींचं स्वतःचं वाक्य, "आजच्या तरुणांनी आदर्श घ्यावा". त्यावर सगळ्यांचे अंगठे, जोडलेले हात, फुलं. मी शाळेत होते, परिपाठ चालू होता म्हणून गप्प बसले. आता जेवणं उरकलीत, आता लिहिते.

कारण हेच दाजी दिवाळीत स्वतःच्या पोराला, म्हणजे माझ्या भाच्याला, चार पाहुण्यांसमोर काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. भाचा सोलापूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला, तिसऱ्या वर्षाला. ओसरीवर फराळ चालला होता, तेवढ्यात शेजारच्या गावचे एक काका मोटरसायकलवर आले, खताच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल ऑटो घेऊन. पुण्यामुंबईच्या मैत्रिणींसाठी सांगते, शेतातल्या मोटरच्या स्टार्टरला हा डबा जोडतात, आत सिमकार्ड असतं, घरून फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. लाईट रात्रीची असली की दोन वाजता उठून उसात जायचं, साप, हल्ली बिबट्या, ते सगळं त्या डब्यानं वाचतं. तर पोरानं पेपर अंथरला, डबा उघडला, रिले बघितला, आणि विचारलं, काका सिम बदललंय का मध्ये? बदललं होतं. त्यांच्या मुलानं जिओचं घातलं होतं. आतलं मॉड्यूल टूजीवर, म्हणजे जुन्या मोबाइल नेटवर्कवर चालणारं, जिओला टूजी नाहीच, मग फोन लागणार कसा? डब्याला काही झालंच नव्हतं आणि तालुक्यातला दुकानदार नवीनच घ्या म्हणून मागं लागलेला. ह्यानं दुसरं सिम घालून चालू करून दाखवलं, शंभर रुपये घेतले. काका चहासुद्धा न घेता गेले, इतके खूश.

आणि दाजी पाहुण्यांना हसत हसत म्हणाले, "इंजिनिअर करायला पाठवला, वायरमन होऊन आला."

पोरगा काही बोलला नाही. पेपर गोळा केला, स्क्रू उचलले, आत गेला. मला अजून राग येतोय लिहिताना.

अरे, कुणाचं तरी पोरगं कॉलेज सोडून धंदा करतं ते आदर्श, आणि आपलं पोरगं कॉलेज न सोडता करतंय ते वायरमन? आणि वायरमन असणं कधीपासून वाईट झालं हो, डीपी (ट्रान्सफॉर्मर हो) जळाला की कुणाच्या मागं फिरता तुम्ही सगळे?

बरं, त्यानं डिग्री सोडतो असं एकदाही म्हटलेलं नाही. एवढंच म्हणतोय की कॅम्पसला, म्हणजे कॉलेजात नोकरी द्यायला कंपन्या येतात त्याला, बसणार नाही, स्टार्टर पॅनेलचं आणि ऑटोचं कामच वाढवणार. त्यावर घरात सुतक. ताई रडते, दाजी बोलत नाहीत, मोठे काका म्हणतात आधी चार वर्षं नोकरी कर, हातात पैसा येऊ दे, मग बघू धंद्याचं. मग बघू म्हणजे कधी? चार वर्षांत लग्न ठरतं, फ्लॅटचा हप्ता चालू होतो, मग कोण रिस्क घेतं? आज त्याला दोन वेळचं जेवण आईच्या हातचं आहे, मेसचा डबा आहे, डोक्यावर कर्ज नाही. पडायचं तर आत्ताच पडू दे ना.

आता खरं बोलते, आणि हे ताईला आवडणार नाही. ह्याच घरातला थोरला पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी, मध्ये यूपीएससीपण देऊन झाली. मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, दर महिन्याला इथून पैसे जातात, कितीतरी वर्षं झाली. त्याला कुणी विचारत नाही. विचारूही नये, पोरगं मरमर अभ्यास करतंय, ह्यावेळी दोन मार्कांनी गेलं. पण 2023 च्या यूपीएससीला 10 लाखांच्या वर अर्ज होते आणि शेवटी निवड झाली 1016 जणांची, ही रिस्क नाही तर काय आहे? ती रिस्क आपल्याला इज्जतीची वाटते आणि धाकट्याची ओसरीवरची रिस्क वाटते लाजेची. थोरल्याला जेवढी वर्षं न विचारता दिली त्यातली दोन धाकट्याला द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

कॉलेजचं तर विचारूच नका. इनोव्हेशन सेलचं उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो पेपरला आले. आणि ह्यानं मोहोळ भागात दोन दिवस पॅनेल बसवायला घेतले तर हजेरी कमी म्हणून टर्मवर्कला धमकी. केंद्राचं 2019 चं विद्यार्थ्यांसाठीचं स्टार्टअप धोरण आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की धंदा करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरी कमी पडली तरी संस्थेच्या परवानगीनं परीक्षेला बसता यावं. मी स्वतः मावशी म्हणून जाऊन बोलले. सर म्हणाले, मॅडम, ते सगळं कागदावर ठीक असतं. मग फीत कशाला कापली?

आम्ही शिक्षकपण तसलेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांवर भाषण बसवून घेतो पोरांकडून, मुंबईत शिकवायची नोकरी करता करता बेळगावला भावाकडं सायकली पाठवून विकायचे, पुढं लोखंडी नांगर काढला तर जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी हात लावेनात. टाळ्या. आणि वर्गातला पोरगा म्हणाला बापाच्या गॅरेजवर बसतो तर म्हणतो वाया गेला.

हो, उधारी हा ह्या धंद्यातला रोग आहे, उसाचं बिल निघालं की देतो म्हणणारे पुढच्या गाळपापर्यंत दिसत नाहीत, मान्य. सौर पंप येतायत, दिवसाच पाणी द्यायला लागले तर रात्रीच्या ऑटोला कोण विचारणार, हा दाजींचा प्रश्नही बरोबर आहे. (पोरानं एक बिघडलेला सोलर कंट्रोलर आणून खोलून ठेवलाय हॉस्टेलवर, हे दाजींना माहीत नाही. आता झालं.) आणि मला एक तारखेच्या आसपास पगार होतो म्हणून मी हे शहाणपण सांगू शकते, तेही मान्य, पुढं चला.

दाजींचं मला कळत नाही असं नाही. कारखान्यातली नोकरी, पगार थकले तेव्हा ताईनं कशी वर्षं काढली ते मी जवळून बघितलंय. पोहे नाहीत म्हणून पाहुणा आला की ती मागच्या दारानं शेजारी जायची. पोरांच्या फीसाठी दाजींनी कुणाकुणापुढं हात पसरले ते ते कधी बोलत नाहीत. त्या माणसाला महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांची भीती खोटी नाही. दिवाळीतसुद्धा ते बोलून गेले आणि नंतर फराळाचं ताट तसंच ठेवून उठले, ते मी बघितलं.

पण दाजी, ती नोकरीच होती ना हो? परमनंट होती. ऑर्डर होती तुमच्याकडं. तरी थकलाच ना पगार?

असो. भांडायचंय त्यांनी कमेंटमध्ये या, ताईला फोन करू नका, तिचं बीपी वाढतं. आणि मोहोळ, माढा, पंढरपूर भागात कुणाचा ऑटो बंद पडला असेल तर मला इनबॉक्स करा, पोराचा नंबर देते, शनिवार-रविवार येतो. सिम कुठलं घातलंय ते आधी बघून ठेवा. उधारी बंद केली आहे, नातेवाइकांनाही.