चेनला हात लावू नका

आठ कड्या. माझी सायकल आडवी, रिकम्बंट: पाठ टेकून बसायचं आणि पाय पुढे करून पेडल मारायचं. तिच्या चेनमधून दुकानातल्या माणसाने आठ कड्या कापल्या आणि फेकून दिल्या. मला न विचारता. वर बिलात पन्नास रुपये जादा लावले. बिलावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय: "चेन टाइट."

मी चिकटपट्टी लावली होती! पिवळी मास्किंग टेप, त्यावर काळ्या मार्करने ठळक अक्षरात, मराठीत: चेनला हात लावू नका. तोंडी दोनदा सांगितलं ते वेगळंच. फक्त बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात ते बेअरिंग) बदला, नवे क्रँक (पेडलचे दांडे) बसवा, बाकी कशाला बोट लावू नका. सायकल परत आली तेव्हा ती पट्टी बूमवर, म्हणजे पेडल जिच्या टोकाला असतात त्या पुढच्या सरकत्या नळीवर, जिथल्या तिथे होती आणि तिच्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. म्हणजे हात तिथपर्यंत गेला होता.

बूम आत होता, कारण रविवारी लेकाने सायकल चालवली. बारा वर्षांचा आहे, त्याचे पाय पेडलला पुरत नाहीत, म्हणून बूम पाच सेंटिमीटर आत घेतला होता. बूम पाच आत गेला की चेन दहा सैल पडते, पाच वरून, पाच खालून. दहा सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या इंचाच्या आठ कड्या. त्याने बरोब्बर आठच कापल्या. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. माणसाला काम येतं, हात बसलेला आहे, नजर पक्की आहे. चेन सैल दिसली तर ती का सैल आहे एवढाच एक प्रश्न मनात यायला हवा होता. आला नाही. लांब चेन दिसली, म्हणजे चुकीची चेन, म्हणजे कापा.

मला कळलं ते घरी आल्यावर. दुकान दोन किलोमीटरवर, म्हटलं तेवढ्यासाठी रस्त्यात बूम कशाला हलवायचा, तशीच गुडघे छातीशी घेऊन आले. पार्किंगमध्ये क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट ढिले केले आणि बूम ओढला. दोन सेंटिमीटर आला आणि अडकला. वाटलं आत माती गेली असेल. पाय लावून अजून ओढला, तेव्हा मागे कर्र असा आवाज झाला. वळून बघते तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, पुढे ताणला गेलेला, त्याचा पिंजरा चेनच्या रेषेत सरळ, स्प्रिंगला आता जागाच उरली नाही. आणखी एक हिसका दिला असता तर डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकला असता. त्या हँगरसारखा दुसरा हँगर या शहरात मिळत नाही.

मग मी फरशीवर बसून कड्या मोजल्या. मोबाइलच्या उजेडात, चेन ज्या प्लास्टिकच्या ट्यूबमधून जाते तिच्यातून ती थोडी थोडी ओढत, खडूने खुणा करत. तीनशे अठरा होत्या, मी स्वतः बसवल्या होत्या. तीनशे दहा भरल्या.

मोजता मोजता बोट एका कडीवर थबकलं. ती बाकीच्यांसारखी वळत नव्हती. डोळ्याजवळ नेली तर पिन एका बाजूने केसभर बाहेर आलेली आणि तिच्या टोकाचं धातूचं कडं निघालेलं. त्याने जुनीच पिन पुन्हा ठोकून आत घातली होती. दहा स्पीडच्या चेनला! जाड चेनच्या जुन्या सायकलींना ते चालायचं. या पातळ चेनची पिन एकदा बाहेर काढली की तिची पकड गेली, पुन्हा जोडायला नवी खास पिन नाहीतर क्विक लिंक, म्हणजे सुटी जोडकडी, लागते. चढावर जोर लावल्यावर ती पिन सुटली असती आणि मी रस्त्यापासून दोन फुटांवर पाठीवर पडलेली, मागून डंपर. हे मी वाढवून सांगत नाहीये. आपल्याला चढावर उभं राहता येत नाही, सगळा जोर बसल्या जागी पायातूनच जातो, चेनवर काय ताण येतो ते चालवणाऱ्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले.

"मॅडम, चेन लोंबत होती. अडकून पडला असतात तुम्ही."

"मग फोन का नाही केला?"

"एवढ्याशासाठी काय फोन करायचा?"

"माझ्या कड्या द्या."

"त्या काय ठेवतो का आम्ही? गेल्या भंगारात."

मी बूमचं सांगितलं, पाच सेंटिमीटरचं सांगितलं, पट्टी दाखवली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पंचवीस वर्षं सायकली करतोय. तुम्ही मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

मिस्टरांना! आमच्या घरात पंक्चर कोण काढतं, चाकाचा डगमग कोण काढतं, नवऱ्याच्या सायकलच्या ब्रेकची केबल कोण बदलतं, याची याला काही कल्पना? माझा नवरा अॅलन की शोधायला मला हाक मारतो. आणि हे एका दुकानाचं नाही. कुठेही जा, सायकल माझी, पैसे माझे, बोलतेय मी, आणि उत्तर दिलं जातं शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही पुरुषाला. एकदा तर माझ्या लेकाला दिलं होतं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

मी दुकानात टाकलीच नसती सायकल. बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप निघत नव्हता म्हणून टाकावी लागली. तो का निघत नव्हता? कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात त्याला पान्यावर पाइप चढवून फिरवलं होतं, चुकीच्या दिशेने. उजव्या बाजूला उलटे आटे असतात, ही काही माझ्या सायकलची खोड नाही. इंग्लिश आट्यांच्या कुठल्याही सायकलला उजव्या बाजूला उलटेच असतात. तिथे तरी चुकायला नको होतं. पण सायकल विचित्र दिसते म्हटल्यावर माणसं माहीत असलेलंही विसरतात. सोडवायच्या ऐवजी आवळत राहिला, आवळत राहिला, आणि मग म्हणाला जाम झालंय.

त्याच्याही आधी मागच्या ब्रेकची केबल. साधी ब्रेकची आतली वायर 1700 मिलिमीटरची येते. मला दोन मीटरच्या वर लागते, टँडेमची, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलची, वायर वापरावी लागते, ती मी मागवून, गुंडाळी करून, हातात दिली होती. संध्याकाळी सायकल घेतली तर टँडेमची वायर तशीच पिशवीत आणि ब्रेकला दोन तुकडे मध्ये स्क्रूच्या क्लॅम्पने जोडलेले! ब्रेकला! "गाडीला पण असंच करतो आम्ही." ती सायकल घेऊन मी कात्रजचा घाट उतरणार होते. अजून आठवलं की हात थंड पडतात.

आणि टायर. पुढचं चाक वीस इंची म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि वीस इंची टायर काढून देतो. अहो, वीस इंचात मुख्य दोन मापं आहेत, 406 आणि 451 मिलिमीटर. व्यासात साडेचार सेंटिमीटरचा फरक आहे. रिमवर छापलंय, टायरवर छापलंय, मी ऑर्डर देताना 406 लिहिलंय, तरी 451 येतो. परत पाठवायला गेलं तर उत्तर येतं, वीस इंच मागितला होता, वीस इंचच दिलाय, परत घेता येणार नाही. तसे दोन टायर घरात माळ्यावर पडून आहेत. कुणाचं 451 चं चाक असेल तर घेऊन जा, पैसेही नकोत.

चेनला वळवणाऱ्या दात्यांच्या चाकाचं, म्हणजे आयडलरचं, बेअरिंग वाळूने खरखरायला लागलं म्हणून विचारायला गेले तर सरळ त्याच्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारला. बेअरिंगमधलं होतं नव्हतं ते ग्रीस धुऊन निघालं. हा स्प्रे म्हणजे तेल नव्हे, हे किती वेळा सांगायचं? चेनचा सगळा ताण त्या आयडलरवर वळतो. पावसाळ्यात चेनच्या ट्यूबमधून सगळा चिखल तिथेच येऊन बसतो. दर रविवारी मी ते दात जुन्या टूथब्रशने घासते, आणि हा एका फवाऱ्यात सगळं घालवतो.

त्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं. महागडी रेसिंग सायकल, अंगाला चिकटलेले कपडे. आमचं बोलणं ऐकून म्हणालं, "मुळात ही सायकलच नाहीये ना."

हे वाक्य फार जुनं आहे. 7 जुलै 1933 ला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या, फारसा नावाजलेला नसलेल्या सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर कापले. ऑस्कर एगचा 44.247 चा विक्रम 1914 पासून कुणाला मोडता आला नव्हता. मग काय केलं? पुढच्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, सायकल कशाला म्हणायचं त्याची मापं ठरवली, सीट कुठे आणि बॉटम ब्रॅकेट कुठे, आणि ही सायकल त्या मापात बसत नाही म्हणून शर्यतींतून बाद. शर्यतीतून गेली म्हणजे कारखान्यांतून गेली, कारखान्यांतून गेली म्हणजे दुकानांतून गेली. आज मला एक हँगर मागवायला परदेशातून पार्सल आणावं लागतं, कस्टम्सचे पैसे भरावे लागतात, दोन दोन महिने वाट बघावी लागते, त्याचं मूळ तिथे आहे. जे मापात बसत नाही ते कापायचं. तेव्हाही तेच, त्या दिवशी दुकानातही तेच.

सिग्नलला थांबलं की विचारतात, अपंगांची सायकल आहे का? असेल तर काय? माझी मनगटं आणि मान साध्या हँडलवर तासाभरात बधिर व्हायची, डॉक्टरांनी सायकल बंद करा म्हणून सांगितलं होतं. या सायकलमुळे मी आठ वर्षं रोज रस्त्यावर आहे. ती कुणाच्याही दयेची वस्तू नाही आणि प्रदर्शनातलीही नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं तिच्यावर बसून उलटे पेडल मारतात आणि त्यांचे आईबाप फोटो काढतात, त्यांनाही हे लागू आहे.

माझी एक चूक झाली, ती मी मान्य करते. सायकल देण्याआधी बूम माझ्या मापावर ओढून ठेवायला हवा होता. ते माझ्या हातात होतं आणि मी आळस केला. पण म्हणून माझी चेन कापायचा हक्क कुणाला मिळत नाही.

शेवटी दुरुस्ती मीच केली. तीन पाकिटांतून चेन बसवली होती तेव्हा तिसऱ्यातल्या तीस कड्या उरल्या होत्या, त्या बिस्किटाच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. नवे क्रँक 170 ऐवजी 155 मिलिमीटरचे, आखूड घेतलेत, म्हणजे बूम दीड सेंटिमीटर आणखी बाहेर, म्हणजे आठ नाही, दहा कड्या लागणार. ती ठोकलेली खराब कडी काढून टाकली, नऊ कड्यांचा तुकडा घातला, दोन्ही टोकांना क्विक लिंक. लेक टॉर्च धरून बसला होता. रात्री साडेअकराला मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि डिरेलर आपल्या जागी आला. लेक म्हणाला, आई, आता माझ्यासाठी बूम आत घेऊ नकोस. हे त्याने म्हणावं याचं मला इतकं वाईट वाटलं! घेणार. दर रविवारी घेणार. बूमवर दोघांच्या मापाच्या दोन रेघा मारून ठेवल्यात, लाल माझी, निळी त्याची.

पन्नास रुपये मागितले होते, दिले नाहीत. उद्या पहाटे नव्या क्रँकवर पाषाण-सूस रस्त्याचा चढ करून बघणार आहे. येताना दुकान उघडलेलं असेल. बिल खिशात आहे.