कळव्यात सुपरकंडक्टर असता, तरी वीज गेलीच असती

‘१२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, कारण कळव्याच्या उपकेंद्रात सुपरकंडक्टर नव्हता. तो बसवा, मग ब्रेकर नको, वीज वाया जाणार नाही, दिवे कधी जाणार नाहीत.’ ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर परत परत येतो. उपकेंद्रांच्या संरक्षणाचं काम मी वर्षानुवर्षं केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सुपरकंडक्टर म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला जवळपास रोध न करणारा पदार्थ, आणि ब्रेकर म्हणजे बिघाड झाल्यावर प्रवाह तोडणारा मोठा स्विच. आधी २०२०चं. त्या सकाळी पडघे-कळवा ४०० केव्हीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं. त्याचा भार दुसऱ्यावर होता आणि दुसरंही गेलं. म्हणजे वीज यायची वाटच तुटली. सुपरकंडक्टरचा फॉल्ट करंट लिमिटर, म्हणजे बिघाडातला प्रवाह दाबणारं यंत्र, कामाला येतो तो शॉर्ट सर्किटमध्ये, प्रवाह नेहमीच्या कैक पट उसळतो तेव्हा. तुटलेली वाट तो जोडत नाही.

‘ब्रेकर नको’ हे तर धोकादायक आहे. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवलेल्या सुपरकंडक्टरच्या पट्टीतून रोजचा प्रवाह जवळपास विनारोध जातो. शॉर्ट सर्किट झालं, प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की काही मिलिसेकंदांत पट्टीचा तो गुण जातो आणि रोध आपोआप उभा राहतो. रिलेच्या, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला आदेश देणाऱ्या यंत्राच्या, हुकमाची गरज नाही. चपळ ब्रेकरलाही ४०-६० मिलिसेकंद लागतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं. बसबार (उपकेंद्रातल्या लाइन एकत्र जोडणारे जाड धातूचे दांडे) आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांना हिसका देणारं पहिलं शिखर याच फटीत दबतं, आणि मला या यंत्राचं अप्रूप आहे ते एवढ्यासाठीच. पण प्रवाह दबतो, थांबत नाही. ब्रेकरने वेळेत तोडला नाही तर पट्टीच जळेल. शिवाय तापलेली पट्टी पुन्हा थंड व्हायला वेळ द्यावा लागतो.

वीज तरीही वाया जाते. एसी प्रवाहात सुपरकंडक्टरमध्येही थोडी घट होते, आणि त्या थंडीतून एक वॅट उष्णता बाहेर काढायला आदर्श यंत्रालाही जवळपास तीन वॅट लागतात. खऱ्या यंत्राला कितीतरी जास्त.

आणि पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं, जेसीबीने केबल तोडली, तर लिमिटर असूनही त्या फीडरचे, म्हणजे त्या लाइनवरचे, दिवे जाणारच.

जर्मनीत एसेनमध्ये २०१४मध्ये १० केव्हीच्या सुपरकंडक्टिंग केबलसोबत लिमिटर लावला गेला, मॉस्कोत २०१९मध्ये २२० केव्हीवर. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मागणी वाढतेय. समांतर ट्रान्सफॉर्मर वाढले की फॉल्ट लेव्हलही (शॉर्ट सर्किटमध्ये उसळू शकणारा प्रवाह) चढते, आणि एखाद्या उपकेंद्रातले ४० केएचे (४० हजार अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकणारे) जुने ब्रेकर अपुरे पडू शकतात. मग ते सगळे बदला, नाहीतर बसबार दुभागून पुरवठ्याचा आधार कमी करा. तिसरा पर्याय लिमिटरचा. त्याचा हिशेब मांडायचा तर तो तिथे मांडा.