पदर आवडला म्हटलं तर काय बिघडलं?

पैठणला मागावर बसून मला अकरा वर्षं झाली. परवा पैठणीचा बांगडी मोराचा, म्हणजे बांगडीसारख्या गोलात मोर असलेला, पदर पुरा झाला. उलटून पाहिला तर मागूनही तस्साच, एक धागा लोंबत नाही. तोंडातून निघून गेलं, "लई भारी जमलाय!" लगेच मामंजी, "आपल्याच कामावर भाळलं की हात थांबतो, सूनबाई."

दर पदराला हेच! काहून?

डाव्या मोराची मान जाड झालीय, हे सगळ्यांच्या आधी मलाच दिसलं. पुढच्या खेपेला तिथं दोन तारा कमी घ्यायच्या, अशी आलेखाच्या कागदावर खूणसुद्धा करून ठेवलीय. पण निळ्यात हिरवं असं मिसळलंय की उन्हात ती मान हलल्यासारखी वाटते. त्याचा आनंद घ्यायचाच नाही का? एकेक तार मोजायची, तिल्ली, म्हणजे रंगीत धागा गुंडाळलेली छोटी कांडी, या बोटातून त्या बोटात. दिवस मावळेपर्यंत जेमतेम दोन-चार इंच सरकतं. आवडत नसतं तर महिनोन्महिने पाठ मोडून बसले असते का मी?

आमच्या गल्लीतल्या दोन पोरांनी माग सोडला. हातात कसब होतं त्यांच्या, पण रोज फक्त खोट ऐकली. त्यानं जीव जळतो माझा.

मान जाडच आहे, मामंजी. पदर मला तरीही आवडलाय.