गांजाचा तो मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. गांजा नैसर्गिक आहे, आयुर्वेदात औषध आहे, व्यसन लागत नाही, आजवर एक माणूस मेला नाही, कॅन्सर बरा होतो आणि म्हणूनच परदेशात लीगल केलाय, असं सगळं त्यात आहे, आणि वर महादेवाचा फोटो. मी मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. हा मेसेज अकरावी-बारावीच्या पोरांच्या ग्रुपवर पण गेलाय हे कळलं आणि राहवलं नाही.

नैसर्गिक म्हणाल तर बांधावरचा धोत्रा पण नैसर्गिकच आहे. आपल्या औषध कायद्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, परिशिष्ट ई-1, त्यात धोत्रा, बचनाग, कुचला यांच्याच रांगेत भांग, म्हणजे गांजाच्याच झाडाची पानं, बसलीय. वैद्य ती शुद्ध करून, मोजून, दुसऱ्या औषधात घालून पोटात देतात, तंबाखूत मळून ओढायला सांगत नाहीत. आणि देवाला यात ओढू नका. श्रावणी सोमवारी हरिपूरच्या संगमेश्वराला केवढी गर्दी लोटते, माणसं बेल आणि दूध घेऊन जातात.

लीगलचं थोडक्यात सांगते. कॅनडानं 2018 ला परवानगी दिली ती 18-19 वर्षांवरच्यांना, क्युबेकमध्ये तर 21. थायलंडनं 2022 ला मोकळं केलं आणि 2025 ला परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. आपल्याकडं अमली पदार्थांसाठी 1985 चा एनडीपीएस कायदा आहे, किलोच्या आत सापडला तरी वर्षापर्यंत जेल किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि उसात चार झाडं लपवून लावली तर दहा वर्षांपर्यंत. कॅनडाचा कायदा पोराला इथल्या कोर्टात वाचवणार नाही.

व्यसन लागत नाही हे तर साफ खोटं. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला लागतं, आणि विशीच्या आत सुरू केलं तर सहातल्या एकाला. सोडलं की चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही, घाम सुटतो, पहिला आठवडा जास्त त्रासाचा. दारुड्यासारखं लगेच दिसून येत नाही म्हणून घरच्यांना वाटतं वय आहे, भांडतंय.

कॅन्सर बरा होतो हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण मिरजेला केमोसाठी कुठून कुठून पेशंट येतात, त्यातला एखादा हे वाचून ट्रीटमेंट सोडून घरी बसला तर जबाबदार कोण? खरं एवढंच आहे की गांजातल्या टीएचसीसारखंच (नशा आणणारं द्रव्य) बनवलेलं एक औषध अमेरिकेत 1985 पासून केमोच्या उलट्यांवर देतात, आणि 2018 ला सीबीडी या गांजातल्याच दुसऱ्या द्रव्याचं एक औषध लहान मुलांच्या दोन अवघड फिट्सच्या आजारांसाठी मंजूर झालं. दोन्ही शुद्ध केलेली, मोजून द्यायची. गाठ विरघळवणारं त्यात काही नाही.

कोणी मेला नाही, हे मात्र अर्धं खरं आहे. अफूसारखा श्वास बंद पडून माणूस गांजानं सहसा जात नाही. पण ओढल्यावर नाडी जोरात धावते, तेव्हा हार्टचा त्रास असलेल्याला धोका असतो, आणि अंदाज चुकत असताना बाईक काढली तर काय होतं ते सांगायला नको. शिवाय मरण सोडून पण बरंच काही होतं. मागच्या गल्लीतली एक बाई पोरासाठी सारख्या पित्ताच्या गोळ्या न्यायची. पोरगा एकविशीतला, उलट्या सुरू झाल्या की थांबायच्याच नाहीत, एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. एकदा ती म्हणाली, "ताई, दिवसातनं चारचारदा बंब पेटवायला लावतोय बघा, कडकडीत पाणी अंगावर घेतलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतंय म्हणतो." गरम पाण्याचं ऐकलं आणि मी तिला विचारलं, पोरगा गांजा ओढतो का. ती रागावून गेली. नंतर पोरगाच आला आणि हळू आवाजात हो म्हणाला, कॉलेजपासून रोज. डॉक्टरांनी पण तेच निदान केलं, कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस, म्हणजे गांजामुळं होणाऱ्या न थांबणाऱ्या उलट्या. केमोच्या उलट्या थांबवणारी चीज वर्षानुवर्षं रोज ओढली की उलट्याच सुरू करते, नेहमीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, अंगातलं पाणी जाऊन किडनीवर येऊ शकतं. गांजा पूर्ण बंद करणं हाच उपाय, पण हे लपवल्यामुळं माणसं वर्षभर नुसत्या टेस्ट करत फिरतात.

आणि ज्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही ते डोक्याचं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे 45,000 तरुणांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं, 1987 ला निष्कर्ष छापून आले, ज्यांनी तोवर पन्नासपेक्षा जास्त वेळा ओढला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, साधारण सहापट निघाला. युरोपातल्या 2019 च्या अभ्यासात रोज कडक माल, म्हणजे जास्त टीएचसीचा गांजा, ओढणाऱ्यांत सायकोसिसची (भास-भ्रम होऊन भान सुटण्याची) शक्यता जवळपास पाचपट. सगळ्यांना होतं असं नाही, बहुतेकांना होत नाही, पण घरात कुणाला मानसिक आजार असेल तर धोका जास्त, आणि आपल्याकडं तो आजार झाकूनच ठेवतात त्यामुळं पोराला माहीतच नसतं. पोरगा एकटाच बडबडायला लागला, लोक माझ्यावर पाळत ठेवतात म्हणायला लागला, रात्ररात्र जागायला लागला तर देवरसपण बघत बसू नका, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला न्या, किती दिवस ओढतोय ते डॉक्टरला खरं सांगा. फोनवर आधी बोलायचं असेल तर व्यसनासाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानस 14416, दोन्ही फुकट आहेत, आणि टेलि-मानसवर मराठीतनं बोलता येतं.