अर्धा इंची इंग्रजी

माझं इंग्रजी दुकानात झालं. शाळेत तो विषय मला पस्तीसवर सोडून पुढं निघून जायचा. पण वडिलांच्या हार्डवेअरच्या गल्ल्यावर बसलो आणि सहा महिन्यांत एल्बो, बुश, निपल, कपलिंग, रिड्यूसर, टेपर, रोलर सगळं तोंडपाठ झालं. तीस वर्षांत एकाही प्लंबरला मी चुकीचा माल दिलेला नाही. त्यामुळं डॉक्टरांनी दहा किलो वजन उतरवायला सांगितलं आणि मी पळणाऱ्यांच्या ग्रुपात नाव घातलं, तेव्हा मला धास्ती होती ती फक्त गुडघ्यांची.

पहिल्याच आठवड्यात मेसेज आला : ‘उद्या टेम्पो. ५.३०. पोवई नाका.’

मला बरं वाटलं. सोमवारपासून नुसते पळवत होते, आज निदान गाडीची तरी सोय केली. साडेपाचला नाक्यावर हजर झालो. माणसं जमली, हातपाय झटकायला लागली. टेम्पोचा पत्ता नाही. शेवटी कोचला विचारलं, “सर, टेम्पो कुठाय?” (तो मला काका म्हणतो, मी त्याला सर म्हणतो. वय एकतीस. त्याचं.)

“आता सुरूच करायचाय, काका.”

“ड्रायव्हर कोण आहे? ओळखीचा असला तर फोन लावतो. मार्केट यार्डातले सगळे माझ्याकडं असतात.”

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. टेम्पो म्हणजे गप्पा मारता येणार नाहीत, जेमतेम दोन-चार शब्द बोलता येतील अशा वेगानं वीस मिनिटं सलग पळायचं, असं त्यानं समजावलं. मी पळालो. माझ्या तोंडून दोनच शब्द निघाले. ते इथं लिहिता येणार नाहीत.

शनिवारी फार्टलेक आलं. मी म्हटलं, तळं असणार. साताऱ्याला तळ्यांची काय कमी? मोती तळं, मंगळवार तळं, महादरे, वर कास. एखादं आपल्या बघण्यातलं राहिलं असेल. “लांब आहे का?” म्हणून विचारलं, तर कोच म्हणाला, “पंचवीस मिनिटं.” म्हणजे कासच्या बरंच अलीकडं. घरी येऊन मुलीला सांगितलं, उद्या फार्टलेकला जायचंय. ती इंग्रजी शाळेत शिकलेली. सोफ्यावर लोळून हसली आणि डोळे पुसत पुसत तिनं त्या शब्दाच्या पहिल्या निम्म्या भागाचा अर्थ सांगितला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पन्नाशीनंतर पळताना ते होतंच. त्याचाही काही व्यायाम निघाला असेल, असं धरून मी झोपलो.

शब्द स्वीडनचा निघाला. तिकडं फार्ट म्हणजे वेग आणि लेक म्हणजे खेळ. गोस्टा होल्मर नावाच्या प्रशिक्षकानं १९३०च्या दशकात ही पद्धत बसवली. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात पळायचं, पुढच्यापर्यंत रमतगमत जायचं, परत जोरात. हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. आजोळी म्हशी घेऊन येताना आम्ही एका बाभळीपासून दुसरीपर्यंत हेच करायचो. फक्त कधी जोरात पळायचं, ते म्हैस ठरवायची.

एक शब्द मात्र मला पहिल्या फटक्यात समजला आणि बाकीच्यांची दांडी उडाली. पेस. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली, तो पेस. म्हणजे सहाचा पेस आठपेक्षा जास्त जोराचा. आयटीतली पोरं यात गोंधळायची. त्यांना आकडा वाढला की प्रगती झाल्यासारखं वाटतं. मी शांत. आमच्या तारेचा गेज तसाच असतो : आठ नंबरची तार जाड, वीस नंबरची बारीक. त्या दिवशी कोचनं सगळ्यांना माझ्याकडं पाठवलं. मी भर रस्त्यात तारेचा गेज शिकवला.

त्या आनंदात मी सावधपणा सोडला. ‘रविवारी फोम रोलर आणा’ म्हटल्यावर दुकानातला रंग लावायचा सगळ्यात चांगला, नऊ इंची, दांडीसकट घेऊन गेलो. बाकीच्यांनी आडवे ओंडक्यासारखे कसले तरी जाड नळकांडे आणले होते. त्यावर मांडी टाकून पुढं-मागं सरकायचं, म्हणजे स्नायू मोकळे होतात. माझ्या रोलरनं कोचनं पोटरीवर दोन हात मारून बघितले. “काका, प्रायमर झाला,” म्हणाला.

मग पावलांचं प्रकरण निघालं. मिनिटाला किती पावलं पडतात, त्याला केडन्स म्हणतात आणि तो १८० पाहिजे. का, तर १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्सनं पळणाऱ्यांची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळे १८० किंवा त्याच्या वर भरले. जॅक डॅनियल्सला मी ओळखतो, पण बाटलीतल्या. तो पोटात असताना मोजलेली पावलं प्रमाण कशी मानायची? हे अमेरिकेतले मोठे प्रशिक्षक, बाटलीचा आणि त्यांचा संबंध नाही, हे कळेपर्यंत मी पंधरा दिवस स्वतःच्याच हिशेबानं पळत होतो.

तरी आमच्या जिल्ह्याचं या शब्दांशी जुनं नातं आहे, हे सांगायला पाहिजे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. माण म्हणजे कायमचा दुष्काळी भाग. तिथल्या पोरीनं पाणी दिसल्यावर न थांबता पुढं जायचं, याला काळीज लागतं.

कोचनं एकदा भिंतीबद्दलही सांगितलं. फुल मॅरेथॉनला तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास भिंत लागते. “नऊ इंची का चार इंची?” मी विचारलं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपते, पाय पुढं जायचं नाकारतात, ती भिंत. म्हणजे गोडाऊन रिकामं आणि पुढचा माल रस्त्यात. समजलं. आपण पळणार त्या हाफ मॅरेथॉनच्या एकवीस किलोमीटरला ती सहसा लागत नाही, असंही तो म्हणाला.

स्पर्धेच्या आधीच्या शेवटच्या लाँग रनच्या आदल्या रात्री मेसेज आला : ‘पुरुषांनी निपलला टेप लावून यावे.’ मला वाटलं, पाण्याच्या ड्रमची तोटी गळत असणार. प्लंबिंगचं काम पुरुषांनाच सांगतात, त्यामुळं तोही शब्द खटकला नाही. टेफ्लॉनचे पाच रोल खिशात घालून गेलो आणि फुकट वाटले. कोचनं बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, “काका, बनियन घासतं. घामानं, पावसानं जास्त. रक्त येतं.” एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय, म्हणून मी ते कानाआड केलं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. पहाटेपासून पावसाची रिपरिप. छातीवर चार पिनांनी बिब लावलं. बिब म्हणजे आमच्या घरी लाळेरं. इथं त्यावर नंबर असतो, एवढाच फरक, कारण पाचव्या किलोमीटरनंतर लाळही आली. आठव्याला मला भिंत लागली. घाटाचा कठडा होता. दोन मिनिटं बसलो. उतारावर आपोआप वेग आला. परतीचा भाग आधीपेक्षा जोरात पळणं याला निगेटिव्ह स्प्लिट म्हणतात आणि भल्याभल्यांना ते जमत नाही. यवतेश्वरनं मला ते फुकट दिलं.

शेवटी कोच ओरडला, “काका, पीबी!” मला बीपी ऐकू आलं. मी मनगट धरून नाडी मोजायला लागलो. पर्सनल बेस्ट म्हणे. पहिलीच स्पर्धा, त्यामुळं सगळ्यात वाईट वेळही तीच होती. मग त्याची नजर माझ्या पांढऱ्या टीशर्टवर गेली. बिबच्या वर, दोन्ही बाजूंना, रुपयाएवढे लाल डाग होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. सैलसर सदरा घातला होता, तरी वाकताना जपत होतो. आमचा नेहमीचा प्लंबर आला.

“शेठ, अर्धा इंची दोन निपल.”

माझा हात आपोआप छातीकडं गेला. “टेप?”

“नको. नुसतेच बसवतो.”

मी दोन रोल त्याच्या पुढ्यात ठेवले. “घे,” म्हटलं, “पैसे नको देऊ.”