फॉर्मवरच्या लाल चांदण्या

जळगावात फायनल इयरची काही पोरं निर्वासितांना त्यांचे हरवलेले नातेवाईक शोधून देणाऱ्या डेटाबेसवर प्रोजेक्ट करताहेत. विषय ऐकून फार बरं वाटलं. फॉर्म पाहिला मात्र, आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आडनाव, जन्मतारीख, ओळखपत्र क्रमांक, सगळ्यांपुढे लाल चांदणी. एक रकाना रिकामा राहिला तरी फॉर्म पुढे सरकत नाही. माझं ठाम मत आहे, की या चांदण्यांपायीच माणूस सापडायचा राहील.

आपल्याकडचंच बघा. नंदुरबारकडे आडनाव वसावे, सीमेपलीकडे गुजरातेत तेच वसावा. जुन्या पिढीत कित्येकांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. ज्याला जन्मभर जिभाऊ म्हटलं, त्याचं कागदावरचं नाव पुतण्याला सांगता येत नाही. ही तर घरदार शाबूत असलेल्यांची गत. ज्याचं नाव तीन देशांतल्या तीन कारकुनांनी ऐकून लिहिलं, त्याचं काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बाड आरोल्सन इथं हरवलेल्यांची कार्डं जमवली गेली. त्यांत अब्रामोविच हे एकच आडनाव आठशेहून जास्त तऱ्हांनी लिहिलेलं आहे. म्हणून ती कार्डं उच्चाराप्रमाणे लावली. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा! आणि आपण आज अक्षराला अक्षर जुळवत बसायचं?

एका माणसाला दहा नावं असू द्या. वयापुढे ‘अंदाजे’ चालू द्या. माहिती कुणी दिली तेही नोंदवा. आईचं नाव, भावंडांत कितवा, गावाजवळची नदी, कपाळावरची खूण, घरचं लाडाचं नाव, खरी ओळख यातून पटते. जुळणाऱ्या दोन नोंदी मशीननं सुचवाव्यात, पण एकच माणूस आहे हे माणसानंच ठरवावं, आणि चुकलं तर त्या पुन्हा वेगळ्या करता याव्यात.

याहून मोठी काळजी वेगळीच आहे. यादी सगळ्यांना खुली ठेवली, तर शोधणाऱ्या आईबरोबर मारायला निघालेलाही ती वाचतो. रेडक्रॉसच्या ‘ट्रेस द फेस’ या नातेवाईक शोधायच्या वेबसाइटवर म्हणूनच हरवलेल्याचा नाही, शोधणाऱ्याचा फोटो असतो, नाव-पत्ता नाही, फक्त भावाला शोधतोय की लेकीला, एवढंच. किती समजून केलेली रचना आहे ही! नोंद जुळली की आधी सापडलेल्याला विचारायचं, पत्ता कळवू का? तो नाही म्हणाला तर विषय तिथंच थांबला पाहिजे. नवऱ्याच्या मारापासून पळालेली बाईही त्या यादीत असू शकते. आणि मृत्यूची बातमी एसएमएसनं कधीच जाऊ नये, ती कुणीतरी समोर बसून सांगावी.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडचे कुणी हे वाचत असाल, घरात पावरी किंवा भिलोरी बोलत असाल, तर एक संध्याकाळ या पोरांना द्या. खरी नावं देऊ नका, ती कागदोपत्री कशी बदलत जातात तेवढं समजावून सांगा. कमेंटमध्ये कळवा, भेट मी जुळवून देतो.